जाळ नको, धूर पाहिजे: कोळशाच्या शेगडीवर पोर्क रिब्ज

फुलेवाडीकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कालची हकीकत सांगतो, कुठं चुकलं ते तुम्ही सांगा.

मेव्हणा इचलकरंजीहून सहकुटुंब जेवायला येणार होता. दिवाळीत घेतलेली झाकणाची गोल कोळशाची शेगडी गच्चीवर पडून होती. मोबाईलवर अमेरिकेतल्या धुरावर शिजवलेल्या रिब्ज बघून बघून मला वेड लागलेलं. म्हटलं, यंदा करायच्याच. २ किलो ४०० ग्रॅम पोर्कच्या फासळ्या आणल्या. दुकानदारानं सवयीप्रमाणं रश्श्याचे तुकडे करून दिले. रात्री घरची कांदा-लसूण चटणी, मीठ आणि किसलेला गूळ चोळून ठेवलं. आंब्याच्या लाकडाच्या ढलप्या रात्रभर बादलीत भिजवल्या. सकाळी पोतंभर कोळसा ओतला, थोडं डिझेल शिंपडून पेटवला, ढलप्या टाकल्या, मटण ठेवलं, आणि धूर बाहेर जाऊ नये म्हणून वरखालची सगळी भोकं बंद करून टाकली. पांढरा धूर असा दाटला की शेजारची गच्ची दिसेना. मी खूश.

तीन तासांनी झाकण काढलं. बाहेरून कोळसा, आतून रबर. हाडाकडच्या बाजूला एक पापुद्रा होता, तो दाताखाली चामड्यासारखा ताणला जायचा. कडू तर इतकं की जिभेचा शेंडा बधिर झाला. मेव्हण्यानं एक फासळी संपवली ती फक्त माझ्या तोंडाकडं बघून. शेवटी बायकोनं अंड्याचा रस्सा टाकला.

आपल्या इथल्या कोळशावर, इथल्या लाकडावर हे जमतं का? कुणी केलंय का कोल्हापुरात?

लाल_माती | रात्री ९:५२

डिझेल? खाण्याच्या विस्तवाला? तिथंच मटणाची माती झाली भावा.

शिरोलीचा_मोल्डर | रात्री १०:३१

२२ वर्षं फाउंड्रीत काढली, त्यामुळं मटणाचं नंतर, आधी आगीचं बोलतो.

दाट पांढरा धूर म्हणजे अर्धवट जळालेलं लाकूड. लाकूड तापलं की त्यातून वायू आणि डांबरासारखे बारीक थेंब निघतात. हवा भरपूर असली तर ते जळून जातात आणि मागं राहतो पातळ, निळसर धूर. हवा कोंडली तर तेच थेंब जाऊन बसतात गार मटणावर. तुझ्या जिभेला लागलं ते हे. तू भोकं बंद केलीस तिथंच भट्टी मेली.

वरचं भोक कायम पूर्ण उघडं ठेव. आग आवरायची ती खालच्या भोकातून. आमच्या कपोला भट्टीत, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीत, ब्लोअरची हवा कमीजास्त करून भट्टी हातात ठेवतात, तुझ्या शेगडीचा ब्लोअर म्हणजे खालचं भोक. बोटभर उघडं पुरतं. आणि पोतंभर कोळसा कशाला? एका कडेला दोन ओंजळी पेटता, त्याच्या पोटाशी दोन ओंजळी न पेटलेला. तो हळूहळू धरत जातो. मटण दुसऱ्या कडेला, निखाऱ्यावर कधीच नाही.

मी पांढरी बशी घेतो, तिचा पालथा भाग वरच्या भोकावर अर्धा मिनिट धरतो. पिवळट चिकट डाग पडला तर मटण आत जात नाही, अजून थांबायचं. बशी कोरडी आली की ठेवायचं. आणि लाकूड भिजवू नकोस. आधी पाणी उडतं, तोवर विस्तव गार होतो आणि नुसती वाफ आणि कडू धूर मिळतो.

फुलेवाडीकर | रात्री १०:४४

मोल्डरदादा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी धूर कोंडायच्या मागं होतो. डिझेल न वापरता पेटवायचं कसं?

शिरोलीचा_मोल्डर | रात्री १०:५०

तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घे. वरचं तोंड काप, तळाला आणि तळालगत चारी बाजूंनी खिळ्यानं भोकं पाड. खाली दोन विटा, त्यात वर्तमानपत्राचा बोळा आणि दोन करवंट्या, वर डबा, डब्यात कोळसा. वीस-पंचवीस मिनिटांत वरचे खडे पांढुरके दिसतात. पहिल्यांदा रिकामा डबाच जाळून घे, आतलं तेल आणि बाहेरचा रंग जाऊ दे. ओतताना जाड हातमोजे.

मंगळवारपेठी | रात्री ११:०५

राग मानू नका, पण कोल्हापुरात राहून डुकराचं मटण कशाला? आपल्याकडं मटणाच्या दरासाठी २०१९ ला लोक रस्त्यावर उतरले, एवढा जीव आहे आपला बोकडाच्या मटणावर. हेच बोकडाच्या चापावर करा की. घरात सगळे खातील.

कॅन्ससमधला_करवीरकर | मंगळवार, सकाळी ८:१०

मूळचा कसबा बावड्याचा, १४ वर्षं कॅन्सस सिटीत आहे. इथं हे शहराचं जेवण आहे, जसं आपल्याकडं तांबडा-पांढरा.

आधी मंगळवारपेठींना. बोकडाच्या चापावर मांस बोटभर, चरबी त्याहून कमी. पाच-सहा तास ठेवलंत तर वाळून काष्ठ होईल. डुकराच्या फासळीत चरबी आणि कोलॅजन दोन्ही भरपूर असतं. कोलॅजन म्हणजे तो चिवट भाग. तो साधारण ७० अंशांच्या पुढं विरघळायला लागतो, पण सावकाश, तासन्‌तास. म्हणूनच हा सगळा खटाटोप. बोकडाचं करायचंच असेल तर चाप सोडा, चरबीसकट अख्खा खांदा घ्या.

आता फुलेवाडीकर. दुकानदारानं सत्तूर उचलायच्या आधीच सांग, अख्खी पट्टी पाहिजे. पाठीच्या कण्याजवळच्या आखूड, वाकड्या फासळ्या म्हणजे बेबी बॅक, आणि खाली पोटाकडच्या लांब, चपट्या, जास्त चरबीच्या त्या स्पेअर रिब्ज. स्पेअर रिब्जच्या खालचा कुर्रीचा, म्हणजे मऊ हाडाचा भाग कापून चौकोनी केलं की त्याला सेंट लुई कट म्हणतात. पहिल्यांदा करणाऱ्यानं स्पेअर रिब्जच घ्याव्यात, चरबी चूक सांभाळून घेते.

पापुद्रा काढलाच पाहिजे. हाडाच्या बाजूला मधल्या फासळीवर चमच्याचा दांडा पापुद्र्याखाली सरकव, जरा उचल, मग कोरड्या फडक्यानं पकडून ओढ. नुसत्या बोटांनी निसटतो. फडक्यानं धरलास की एका ओढीत टर्रकन निघतो.

उष्णता: जाळीजवळ १०७ ते १२० सेल्सियस. तेवढ्यावर स्पेअर रिब्जना पाच-सहा तास लागतात. तू तीन तास ठेवलंस, तेही मोठ्या विस्तवावर. मग बाहेरून जळणार आणि आतून चिवट राहणार.

कळंबा_रोड | सकाळी ९:२२

करवीरकर, इथले बरेच जण तीन-दोन-एक म्हणतात ते काय?

कॅन्ससमधला_करवीरकर | सकाळी ९:४०

स्पेअर रिब्जसाठी सोपा हिशेब आहे. तीन तास उघड्या धुरावर, दोन तास अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून, एक तास पुन्हा उघड्यावर सॉस लावून. चांगलं होतं, पण कधीकधी जास्तच मऊ. माझं मत विचाराल तर गुंडाळायचा वेळ तासावर आणा. इथल्या स्पर्धांत हाडावरून आपोआप गळून पडणारं मांस जास्त शिजलेलं धरतात. चावा घेतला तेवढंच निघावं, बाकी हाडाला राहावं.

सोवळेकर | सकाळी १०:१५

करा काय करायचं ते, पण डुकराच्या मांसातून मेंदूत जंत जातात हे लक्षात ठेवा. आमच्या ओळखीत एकाला फिट्स आल्या होत्या.

डॉ_रंकाळा | दुपारी १:३०

सोवळेकर, काळजी रास्त आहे, फक्त वाट थोडी वेगळी आहे. टीनिया सोलियम नावाचा पट्टकृमी. कच्च्या किंवा अर्धकच्च्या पोर्कमधल्या अळ्या पोटात गेल्या तर माणसाच्या आतड्यात मोठा जंत होतो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र त्या जंताच्या अंड्यांमुळं. ती अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांतून, घाण पाण्यातून, नीट न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. म्हणून जन्मभर शाकाहारी राहिलेल्या माणसालाही हा आजार होतो. माझ्याकडं असे रुग्ण आले आहेत.

पोर्कचा अख्खा तुकडा आतून ६३ अंशांपर्यंत जाऊन तीन मिनिटं मुरला की सुरक्षित मानतात. रिब्ज तर ९० च्या पुढं जातात, त्यामुळं तिथं भीती नाही. खरी काळजी कच्च्या मटणाच्या ताटाची. ज्या परातीत कच्चं होतं तिच्यातच शिजलेलं वाढू नका. आणि मांस खात्रीच्या जागचं, निगा राखलेल्या फार्मवरचं घ्या.

एक अजून. कडेला गुलाबी रंग दिसला तर कच्चं राहिलं म्हणून घाबरू नका. धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याला धरतात, त्यानं तो रंग येतो. कच्चं की शिजलं हे थर्मामीटर सांगतो, रंग नाही.

टाकळीचा_सुभेदार | दुपारी ४:१८

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी, फौजेची नोकरी आमच्याकडं पिढीजात. नागालँडला पोस्टिंगला असताना तिथल्या घरात चुलीच्या वर टांगलेलं पोर्क बघितलं. दिवसच्या दिवस धुरावर. काळंभोर, लाकडासारखं घट्ट. मग ते बांबूच्या कोंबाबरोबर शिजवतात. पहिला घास घेतला आणि आईची चूल आठवली, शपथ सांगतो. माळ्यावरच्या सुक्या बोंबलालाही असाच धुराचा वास असायचा.

पण ते टिकवण्यासाठी धुरावर वाळवणं, आणि तुमचं हे धुरावर शिजवणं. दोन्ही निराळी कामं. एकाचे नियम दुसऱ्याला लावू नका.

आजरेकर | संध्याकाळी ६:०२

लाकडाचं बोलायचं तर हात जोडून एक विनंती. आजरा-चंदगडकडं काजूची टरफलं ढिगानं मिळतात, जळतातही झकास. ती शेगडीत घालू नका. टरफलातलं तेल कातडी भाजतं, त्याचा धूर डोळ्याला आणि घशाला सोसत नाही. कारखान्यात सोलणाऱ्या बायकांचे हात बघितले तर कळेल.

आंबा चांगला. पेरू त्याहून चांगला, धूर गोडसर येतो. चिंच जड असते, जास्त वेळ टिकते, पण थोडीच घ्या. सगळं किमान सहा महिने वाळलेलं. कडुनिंब, निलगिरी, सुरू नको. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, जुन्या खिडकीचं सागवान अजिबात नको.

गुऱ्हाळावरचा | संध्याकाळी ६:४०

उसाच्या चिपाडाचं विचारणार असाल तर मी करून बघितलंय. चुलवाणात चिपाड घालणारा माणूस दोन मिनिटं इकडंतिकडं जाऊ शकत नाही, इतकं भडकन पेटतं आणि इतकं लवकर विझतं. काहील उकळायला तसाच जाळ लागतो. रिब्जना नेमका उलटा. नाद करू नका. बॉयलरसाठी भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या मिळतात, ज्याला पांढरा कोळसा म्हणतात, तोही नको. नावात कोळसा असला तरी तो कोळसा नाही, पेटला की ढगासारखा धूर. आणि लोहाराचा दगडी कोळसा तर अजिबातच नाही, त्यात गंधक असतं. बाभळीचा साधा लाकडी कोळसा घ्या, मोठे खडे निवडून.

गूळ मात्र आमचाच पाहिजे. किसून नको, वाळवून पावडर करून.

कळंबा_रोड | संध्याकाळी ७:१५

गूळ जळत नाही का? फुलेवाडीकरांचा जळला की.

गुऱ्हाळावरचा | संध्याकाळी ७:२२

काहिलीत गूळ ११८-१२० अंशांच्या आसपास उतरवतात, त्यापुढं गेला की करपायला लागतो. तुमच्या शेगडीत ११० असेल तर गूळ कशाला करपेल? त्यांचा जळला कारण खाली निखारा होता.

चटणी_आक्का | रात्री ८:३०

मंडळी, कांदा-लसूण चटणी रात्रभर लावायची नाही. तिच्यात कांदा, खोबरं, तेल, सगळं असतं, धुराचा लेप बसायच्या आधीच ते काळं पडतं. वर नुसतं कोरडं लावा. किलोला दोन चमचे मीठ, तीन चमचे गुळाची पावडर, दोन चमचे ब्याडगी रंगाला, एक संकेश्वरी तिखटाला, सुंठ, जिरं, मिरी, लसणाची पूड. चटणी नंतर सॉसमध्ये घाला. चटणी, गूळ आणि कोकमाचं आगळ एकत्र आटवून घ्यायचं, चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत. शेवटच्या अर्ध्या तासात दोनदा फासायचं. अमेरिकेत व्हिनेगर घालतात, आपल्याकडं आगळ आहे की.

कॅन्ससमधला_करवीरकर | रात्री ८:४५

आक्का, कोकमाचं आगळ! इतकी वर्षं मी सफरचंदाचं व्हिनेगर वापरतोय आणि फ्रीजमध्ये आगळाची बाटली पडून आहे.

उद्यमनगरी | रात्री ९:१०

शेगडी नसेल त्यांच्यासाठी. शिवाजी उद्यमनगरात २०० लिटरच्या पिंपाची शेगडी बनवून मिळते, मी स्वतः चार केल्यात. पिंप खाद्यतेलाचं पाहिजे, केमिकलचं कितीही स्वस्त मिळालं तरी नको. आत मोठा जाळ करून सगळा रंग जाळायचा. आणि जाळी जस्ताचा मुलामा दिलेली नको. जस्त तापलं की त्याचा धूर होतो, वेल्डिंगवाल्यांना त्यानं थंडी-ताप भरतो. साधी लोखंडी नाहीतर स्टीलची सळी घ्या.

फुलेवाडीकर | बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. सळईचा थर्मामीटर आणला, पण तो बिघडका निघाला वाटतं. उकळत्या पाण्यात धरला तर ९८ दाखवतोय. १०० पाहिजे ना? उद्या बदलून आणतो.

डॉ_रंकाळा | रात्री ९:४१

बदलू नका, तो बरोबर आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. आपल्याकडं ९८ च यायला हवं. १०० दाखवलं असतं तर बिघडलेला म्हटला असता.

लाल_माती | रात्री ९:४३

पन्नास वर्षं या पाण्याचा चहा पितोय, हे आज कळलं.

शाहूपुरीची_वहिनी | गुरुवार, सकाळी ७:५०

एक बोलू का? वरच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे बघून शेगडी पेटवत जा. आमच्या शेजारी महिन्यातून एकदा हा प्रकार चालतो, माझ्या पैठणीला आठवडाभर धुराचा वास होता. करा, हौस आहे तर करा, पण आदल्या दिवशी सांगा. आणि पाऊस आला म्हणून शेगडी उचलून बंद गॅलरीत किंवा जिन्यात नेऊ नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपतो तो उठत नाही.

फुलेवाडीकर | सकाळी ८:०५

वहिनी, चुकलंच त्या दिवशी. वरच्या काकूंना मी आधीच जाऊन भेटून आलोय. पुढच्या वेळचं त्यांनाही ताट आहे.

फुलेवाडीकर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:१५

धागा वर काढतोय.

कालच दुकानात जाऊन सत्तूर उचलायच्या आधी हात धरला. दोन अख्ख्या पट्ट्या, मिळून अडीच किलो. पापुद्रा पहिल्या पट्टीचा तीन तुकड्यांत आला, दुसरीचा करवीरकर म्हणाले तसा एका ओढीत, टर्रकन.

पहाटे साडेपाचला डबा पेटवला. कोळसा एका कडेला, दुसऱ्या कडेला जाळीखाली पाण्यानं भरलेली जुनी थाळी, चरबी तिच्यात पडते. पेरूचे मुठीएवढे तीन तुकडे, कोरडे. बशी धरली, डाग आला. दहा मिनिटांनी पुन्हा धरली, फिकट. तिसऱ्यांदा कोरडी. सव्वासहाला मटण आत. धूर आहे की नाही हे आकाशाकडं बघून कळतच नव्हतं, पाण्याच्या काळ्या टाकीसमोर वाकून बघितलं तेव्हा निळी रेघ दिसली.

झाकणावरचा काटा १४० सांगत होता, जाळीवरची सळई ११२. झाकणावर विश्वास ठेवला असता तर पुन्हा फसलो असतो. नऊच्या सुमाराला ९० वर आलं, काही केल्या चढेना. मोल्डरदादांना फोन केला, ते म्हणाले खालचं भोक बघ. राखेनं बुजलेलं होतं. काडीनं मोकळं केलं, पाच मिनिटांत विस्तवानं श्वास घेतला आणि वीस मिनिटांत ११० वर. त्यानंतर दर तासाला चार-पाच खडे, एवढंच. झाकण सहा तासांत मोजून सात वेळा उघडलं.

साडेनऊला आगळ शिंपडून कागदात गुंडाळल्या, एक तास. साडेअकरानंतर दोनदा आक्कांचा सॉस. सव्वाबाराला पट्टी चिमट्यानं मधोमध उचलली, दोन्ही टोकं खाली झुकली आणि वरच्या सालीला भेग पडली. हाडाची टोकं बोटाच्या पेराएवढी उघडी पडलेली. आतलं तापमान ९३.

कापल्यावर कडेला गुलाबी पट्टा होता. मेव्हणा परत आला होता. या वेळी त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, ताटाकडंच बघत होता. वरच्या काकूंकडून रिकामं ताट धुऊन आलं आणि त्यात चार चिक्कू.

शिरोलीचा_मोल्डर | रात्री १०:२२

राख! आमच्याकडं पोरांना पहिल्या दिवशी तेच शिकवतो. बरं झालं फोन केलास.

मंगळवारपेठी | रात्री १०:३०

फोटो बघून मत बदलतंय. पण मी खांदा करणार, बोकडाचाच. किती वेळ?

कॅन्ससमधला_करवीरकर | रात्री १०:४१

दोन किलोचा असेल तर पाच तास धरा, निम्म्या वेळानंतर गुंडाळा. आत ९० गेलं आणि सळई लोण्यासारखी शिरली की झालं. घड्याळापेक्षा सळईचं ऐका.

चटणी_आक्का | रात्री १०:४८

फुलेवाडीकर, हाडं टाकली नाहीत ना?

फुलेवाडीकर | रात्री १०:५५

नाही आक्का. सगळी पातेल्यात घातली, कांदा-खोबरं भाजून वाटण लावलं, रात्री तांबडा रस्सा झाला. धुराचा वास भाताच्या शेवटच्या घासापर्यंत होता. थोडा उरलाय, उद्या सकाळी भाकरीबरोबर.

टाकळीचा_सुभेदार | रात्री ११:०२

पुढच्या खेपेला तारीख आधी सांग. पेरूचं लाकूड मी आणतो, आमच्या मळ्यात दोन वर्षं वाळलेलं पडलंय.